एक रात्र, दोन बिघाड: सोळा पोर्टांच्या कम्युनिकेशन कंट्रोलरचा प्रकरण अभ्यास

शनिवारी रात्री सर्व्हर पूर्ण बंद करून तीन कामे उरकण्यात आली. सोळा पोर्टांच्या सिरीयल कम्युनिकेशन कंट्रोलरसाठी, म्हणजे उपकरणांशी एकामागून एक बिट पाठवत बोलणाऱ्या सर्व्हरमधल्या कार्डासाठी, मायक्रोकोडची (कार्डावरच्या प्रोसेसरने चालवायच्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती बसवली, पोर्टांचे जोडणी-पॅनेल शेजारच्या रॅकमध्ये हलवले आणि सर्व्हर सुरू झाल्यावर सगळ्या केबल्स पुन्हा जोडल्या. सोमवारी सकाळी दोन तक्रारी आल्या. पोर्ट ६ वरचे उपकरण अजिबात उत्तर देत नव्हते. पोर्ट ९ ते १२ वरून येणाऱ्या लांबलचक अहवालांत मधूनच एखादे अक्षर गळत होते.

संशय अर्थातच मायक्रोकोडवर गेला. जुनी फाईल परत ठेवली, कम्युनिकेशन सेवा बंद करून चालू केली, तरी दोन्ही तक्रारी जशाच्या तशा राहिल्या. त्यावरून निष्कर्ष निघाला की मायक्रोकोड निर्दोष आहे आणि कार्डच गेले आहे. नव्या कार्डाची मागणीही नोंदवली गेली. प्रत्यक्षात बिघाड दोन होते. एक हार्डवेअरचा, एक मायक्रोकोडचा, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. कार्ड बदलले असते तर पहिला काही दिवसांपुरता गेला असता आणि दुसरा तसाच राहिला असता.

कार्डाची रचना

तपास समजण्यासाठी कार्डाच्या पोटात काय आहे हे आधी डोळ्यांसमोर हवे. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर आणि रॅम आहे. रॉममध्ये फक्त स्वयंचाचणी आणि मायक्रोकोड उतरवून घेण्यापुरता छोटा प्रोग्राम असतो; खरा मायक्रोकोड होस्टवरचा, म्हणजे सर्व्हरवरचा, डिव्हाइस ड्रायव्हर (कार्ड हाताळणारा प्रोग्राम) कार्डाच्या रॅममध्ये उतरवतो. सोळा पोर्टांसाठी १६सी५५४ जातीच्या चार चिप आहेत. या प्रत्येक चिपमध्ये चार यूआर्ट (बिटांची अक्षरे आणि अक्षरांचे बिट करणारी मंडले) असतात आणि प्रत्येक यूआर्टला येणाऱ्या अक्षरांसाठी १६ बाइटचा फिफो, म्हणजे आधी आलेले आधी बाहेर देणारी रांग, असतो. क्रिस्टल १.८४३२ मेगाहर्ट्झचा, म्हणजे भाजक १ ठेवला की ११५२०० आणि १२ ठेवला की ९६०० बॉड (सेकंदाला इतके बिट). यूआर्टच्या पुढे प्रत्येक पोर्टाला एक जीडी७५२३२ चिप आहे. तिच्यात तीन लाइन ड्रायव्हर (तारेवर संकेत पाठवणारे) आणि पाच रिसीव्हर (तारेवरून घेणारे) असतात आणि तीच यूआर्टच्या ५ व्होल्टच्या संकेतांचे आरएस-२३२ या सिरीयल मानकाच्या पातळ्यांत रूपांतर करते.

म्हणजे यूआर्टची चिप चार पोर्टांत सामाईक, लाइन ड्रायव्हरची चिप प्रत्येक पोर्टाची स्वतंत्र, आणि मायक्रोकोड सोळाही पोर्टांना एकच. बिघडलेल्या पोर्टांची यादी हाती आली की ती या तीन थरांवर मांडून पाहायची. एकटा पोर्ट ६ म्हटले की नजर लाइन ड्रायव्हर किंवा केबलकडे जाते. ९ ते १२ म्हटले की तिसरी यूआर्ट चिप आठवते, कारण ही चारही पोर्ट नेमकी तिचीच. पहिला अंदाज बरोबर निघाला. दुसरा साफ चुकला, आणि तो का चुकला हाच या प्रकरणातला सर्वांत कामाचा भाग आहे.

आधी काउंटर, मग रीसेट

कार्ड रीसेट झाले की प्रत्येक पोर्टाचे त्रुटी-काउंटर शून्यावर येतात. त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी ते उतरवून घेतले गेले. गर्दीच्या एका तासात पोर्ट ९, १०, ११ आणि १२ वर ओव्हररन त्रुटी अनुक्रमे ४१, ३७, ५२ आणि ४४ होत्या. फ्रेमिंग त्रुटी सगळीकडे शून्य. पॅरिटी (चूक पकडण्यासाठी जोडलेला जादा बिट) त्रुटीही शून्य होत्या, पण सगळी पोर्ट आठ बिट, पॅरिटीविना अशी चालत असल्याने त्या शून्याला काही अर्थ नव्हता. पोर्ट ६ वर पाठवलेल्या अक्षरांचा आकडा वाढत होता आणि आलेल्या अक्षरांचा शून्यावर अडला होता.

ओव्हररन आणि फ्रेमिंग या दोन त्रुटींतला फरक इथे निर्णायक आहे. फ्रेमिंग त्रुटी म्हणजे स्टॉप बिटच्या (अक्षर संपल्याच्या खुणेच्या) जागी यूआर्टला स्टॉप बिट दिसला नाही. वेग जुळत नाही, केबल खराब आहे, पातळी कमी पडते, विद्युत गोंगाट मिसळतो, यांपैकी काहीही असले की ती वाढते आणि अक्षरे बिघडून भलतीच येतात. ओव्हररनमध्ये अक्षर तारेवरून बिनचूक आलेले असते, यूआर्टनेही ते नीट घेतलेले असते, पण आधीची अक्षरे कोणी वेळेवर उचलली नाहीत म्हणून त्याला जागा उरत नाही. अक्षर बिघडत नाही, नाहीसे होते. ओव्हररन वाढतोय आणि फ्रेमिंग शून्य आहे, तर केबल, कनेक्टर आणि लाइन ड्रायव्हर यांच्यामागे वेळ घालवू नये. उचलणाऱ्याकडे पाहावे, म्हणजे मायक्रोकोडकडे.

पोर्ट ६ च्या काउंटरमध्येही एक फसवणूक आहे. पाठवलेल्या अक्षरांचा आकडा यूआर्टपर्यंतच खरा असतो. पुढे तारेवर काही गेले की नाही हे कार्डाला कळत नाही. शिवाय त्या पोर्टावरचे उपकरण विचारल्याशिवाय बोलत नाही. प्रश्नच पोचला नाही तर उत्तर येणार कुठून? त्यामुळे एकच दिशा तुटलेली असूनही दोन्ही तुटल्यासारख्या दिसत होत्या.

पोर्ट ६

लूपबॅक, म्हणजे पाठवलेले परत स्वतःकडेच वळवून पाहणे, आतून बाहेरच्या दिशेने करत जायचे. सुरुवात यूआर्टच्या अंतर्गत लूपबॅकने, जो मोडेम कंट्रोल रजिस्टरच्या बिट ४ ने लागतो. त्यात संकेत चिपबाहेर पडतच नाही. ही चाचणी उत्तीर्ण झाली. मग पॅनेलवर डीबी-२५ (२५ पिनांच्या कनेक्टरचा) लूपबॅक प्लग लावला: पिन २ ला ३ जोडलेली, ४ ला ५, आणि ६, ८, २० एकत्र. इथे चाचणी नापास. मग पॅनेलची केबल काढून तोच लूप थेट कार्डाच्या कनेक्टरवर दिला, तरी नापास. म्हणजे हलवाहलवीत केबल दुखावली असेल हा संशय मिटला आणि दोष यूआर्ट व कार्डाचा कनेक्टर यांच्यामध्ये आला. तिथे जीडी७५२३२ या एका चिपशिवाय काहीच नाही.

एक खबरदारी: व्होल्टेज मोजण्याआधी बाहेरची केबल काढलेलीच हवी. पलीकडच्या टोकाला शॉर्ट असेल तर धडधाकट ड्रायव्हरही मेल्यासारखा दिसतो.

पोर्ट मोकळा असताना पाठवण्याची ओळ ऋण पातळीवर असायला हवी. मानकाप्रमाणे ड्रायव्हरने ५ ते १५ व्होल्ट द्यायचे असतात आणि रिसीव्हरला ३ व्होल्टपुढची पातळी कळायला हवी. शेजारच्या पोर्ट ५ वर पिन २ (पाठवण्याची ओळ) आणि ७ (ग्राउंड) यांच्यात उणे १०.९ व्होल्ट मिळाले. पोर्ट ६ वर उणे ०.४. चिपचे पुरवठे तपासले: पिन १ वर अधिक ११.९, पिन १० वर उणे ११.८, पिन २० वर ५.०, सगळे पिन ११ च्या ग्राउंडच्या तुलनेत. पुरवठ्यात खोट नव्हती. मग कॅपिटल ‘यू’ हे अक्षर सलग पाठवत ठेवले. त्याचा कोड हेक्स ५५. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून त्यात एक-शून्य-एक-शून्य अशी अखंड माळ होते, म्हणून ९६०० बॉडला ऑसिलोस्कोपवर ४८०० हर्ट्झची स्वच्छ चौकोनी लहर दिसते. ड्रायव्हरच्या पिन १६ वर ती ठणठणीत होती. त्याच ड्रायव्हरच्या पिन ५ वर जेमतेम अर्ध्या व्होल्टची सपाट रेघ. आत जाते, बाहेर येत नाही: लाइन ड्रायव्हर जळलेला.

चिप बदलणे हे वीस मिनिटांचे काम. पण ती मेली कशाने हे न शोधता बदलली तर नवी चिपही जाणार. पोर्ट ६ चे उपकरण वेगळ्या वीज-पॅनेलवरून चालते. केबल कार्डाच्या बाजूने काढलेली ठेवून तिच्या पिन ७ आणि रॅकचे अर्थिंग यांच्यात एसी व्होल्टेज मोजले तर ६.२ व्होल्ट मिळाले. दोन्ही टोकांच्या अर्थिंगमध्ये एवढा फरक असताना केबल चालू उपकरणांत खुपसली गेली. डीबी-२५ मध्ये ग्राउंडची पिन लांब नसते, सगळ्या पिना सारख्याच. कनेक्टर तिरका बसला की संकेताच्या पिना पिन ७ च्या आधी टेकू शकतात. केबलचे शील्ड एका टोकाला मोकळे असल्याने कनेक्टरच्या धातूच्या कडेतूनही ग्राउंड मिळाले नाही. मग दोन अर्थिंगमधला प्रवाह ड्रायव्हरच्या आउटपुटमधूनच वाट काढतो. बिघाड मायक्रोकोडच्या रात्रीच का झाला याचे सर्वांत सरळ उत्तर हेच: त्या रात्री केबल्स काढून घातल्या होत्या.

दुरुस्ती होईपर्यंत उपकरण मोकळ्या पोर्ट १३ वर नेले, पण थेट नाही. मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर (विजेचा थेट जोड न ठेवता प्रकाशाने संकेत पोचवणारे साधन) बसवून, आणि दोन्ही उपकरणे बंद ठेवून.

पोर्ट ९ ते १२

इथे पहिले काम होते ते कार्ड नेमका कोणता मायक्रोकोड चालवते आहे हे कार्डालाच विचारण्याचे. होस्टच्या डिस्कवर ३.१ ही जुनी फाईल होती, तिचा चेकसमही (फाईल अखंड असल्याचा पडताळा-आकडा) बरोबर होता. कार्डाने उत्तर दिले: ३.२.

म्हणजे मागे जाणे झालेच नव्हते. सेवा सुरू होताना डिव्हाइस ड्रायव्हर कार्डाला विचारतो, चालू आहेस का? कार्ड ‘हो’ म्हणाले की तो मायक्रोकोड उतरवण्याची पायरी गाळतो, कारण एरवी प्रत्येक वेळी सोळा पोर्ट तुटतील. शनिवारी सर्व्हर पूर्ण बंद केला होता म्हणून रॅम पुसली गेली आणि ३.२ उतरला. सोमवारी फक्त सेवा बंद-चालू केली, म्हणून रॅममधला ३.२ तसाच राहिला. ‘जुन्या आवृत्तीवरही बिघाड आहे’ या विधानावर कार्ड मागवण्यापर्यंत मजल गेली होती, आणि ते विधान कधी तपासलेच गेले नव्हते. आवृत्ती फाईलवरून कधीही मानू नये. जी चालते आहे ती विचारावी.

तरी लगेच ३.१ वर जाणे टाळले, आणि ते योग्यच होते. दोष कुठे आहे हे न कळता मागे गेलो तर तक्रार थांबते, पण तिसरी यूआर्ट चिप खराब होती की नाही हा प्रश्न लटकत राहतो.

म्हणून अदलाबदल केली. पोर्ट १० वरचे वेगवान उपकरण केबल आणि सेटिंगसकट पोर्ट २ वर आणले, पोर्ट २ वरचे संथ उपकरण १० वर नेले. दहा मिनिटांत पोर्ट २ वर ओव्हररन मोजले जाऊ लागले आणि पोर्ट १० शून्यावर थांबले. दोष चिपसोबत राहिला नाही, वेगासोबत गेला. मग नोंदवही उघडली. ९ ते १२ ही चारच पोर्ट ११५२०० बॉडवर होती, बाकीची सगळी ९६०० वर. वेगवान उपकरणे कोणीतरी सोयीसाठी ओळीने लावली होती आणि ती ओळ योगायोगाने एका चिपच्या हद्दीत पडली होती.

आता हिशेब. ११५२०० बॉडला दहा बिटांचे एक अक्षर ८६.८ मायक्रोसेकंदांत येते. फिफोची ट्रिगर पातळी १४ असेल तर चौदावे अक्षर आल्यावर इंटरप्ट (प्रोसेसरला ‘अक्षरे उचल’ असे सांगणारा संकेत) उठतो. पंधरावे आणि सोळावे फिफोत मावतात. सतरावे शिफ्ट रजिस्टरमध्ये (येणारे बिट गोळा होतात त्या जागेत) पूर्ण झाले की ओव्हररन. म्हणजे मायक्रोकोडच्या हातात तीन अक्षरांचा वेळ, २६० मायक्रोसेकंद. ट्रिगर ८ असेल तर नऊ अक्षरांचा, ७८१ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडला तोच तीन अक्षरांचा वेळ ३.१ मिलिसेकंद होतो, म्हणून संथ पोर्टांना काहीच जाणवत नव्हते.

फिफो कंट्रोल रजिस्टरमध्ये लिहिले जाणारे मूल्य मायक्रोकोडच्या निदान-नोंदीत पाहिले. ३.१ हेक्स ८१ लिहीत असे, म्हणजे फिफो चालू आणि ट्रिगर ८. ३.२ हेक्स सी१ लिहितो, ट्रिगर १४. बदलामागचा हेतू समजण्यासारखा आहे: सलग प्रवाहात एका पोर्टाचे सेकंदाला १४४० इंटरप्ट कमी होऊन ८२३ वर येतात आणि प्रोसेसर मोकळा राहतो. पण ट्रिगर १४ हा काही स्वतःहून दोष नव्हे. २६० मायक्रोसेकंदांच्या आत पहिले वाचन झाले तर एकही अक्षर जाणार नाही. कुठेतरी त्याहून जास्त उशीर होत असला पाहिजे.

तो ऑसिलोस्कोपवर सापडला. यूआर्टच्या इंटरप्ट पिनवर प्रोब लावला, पोर्टावर फक्त येणारा प्रवाह ठेवला, कारण पाठवण्याचे इंटरप्टही याच पिनवर येतात आणि चित्र गढूळ करतात. ऑसिलोस्कोपचा ट्रिगर ‘२६० मायक्रोसेकंदांहून रुंद पल्स’ असा लावला. एरवी पल्स ४० ते ६० मायक्रोसेकंदांच्या होत्या. अधूनमधून एखादी रुंद पल्स पकडली जाई, जास्तीत जास्त ३२० ची, आणि अशा कोणत्याही दोन पल्समधले अंतर पूर्ण सेकंदांतच भरत होते. दर सेकंदाला कार्ड काय करते? ३.२ मध्ये नवी सोय आली होती: पोर्टांची आकडेवारी दर सेकंदाला होस्टकडे पाठवणे. सोळा पोर्टांचे तक्ते एका दमात नकलताना हा मायक्रोकोड इंटरप्ट बंद ठेवतो.

हे स्पष्टीकरण आकड्यांना पुरते का, हेही पाहिले. इंटरप्ट सुमारे ३२० मायक्रोसेकंद बंद राहतात. चौदावे अक्षर त्यांतल्या पहिल्या ६० मध्ये आले तरच अक्षर जाते. सलग प्रवाहात चौदावे अक्षर दर १२१५ मायक्रोसेकंदांनी येते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५ टक्के शक्यता, तासाला साधारण १७७ वेळा. ही पोर्ट तासाचा जेमतेम पाव भाग व्यस्त असतात, म्हणून ४४ च्या आसपास. मोजलेले आकडे ३७ ते ५२ होते. अनुक्रमांकांची चाचणी-फाईल पाठवली तेव्हा दर वेळी नेमके एकच अक्षर गायब होते, आणि तेही जुळते: ३२० मायक्रोसेकंदांत चौथे अक्षर पूर्ण होतच नाही, त्याला ३४७ लागतात.

दोन गोष्टींनी या बिघाडाला बराच वेळ लपवले. पहिली, हाताने टाइप करून केलेली तपासणी. फिफो १६ अक्षरांचा आहे. त्याहून लहान संदेशात ओव्हररन होऊच शकत नाही. टर्मिनलवर दोन-चार शब्द टाइप करून पोर्टाला ठीक ठरवणे या दोषासाठी निरुपयोगी होते. दुसरी, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (समोरच्याला वेगळ्या तारेवरून ‘थांब’ सांगण्याची सोय) चालू आहे म्हणून अक्षरे गळणार नाहीत ही समजूत. या कार्डावर आरटीएस ओळ (तीच ‘थांब’ सांगणारी तार) मायक्रोकोड खाली करतो, तीही त्याचा रॅममधला बफर भरत आला की. फिफो भरल्याची खबर त्याला उशिरा मिळते, तोवर अक्षर गेलेले असते. आरटीएस आपोआप खाली करणारे यूआर्ट वेगळे. १६सी५५४ त्यांतला नाही.

ऑसिलोस्कोप हाताशी नसेल तर याच दोषाची एक स्वस्त चाचणी आहे. वेग निम्मा करा. ५७६०० बॉडला तीन अक्षरांना ५२१ मायक्रोसेकंद लागतात, ३२० त्यात आरामात बसतात, आणि ओव्हररन थांबायला हवेत. थांबले. मात्र वेग कमी केल्याने कमकुवत केबलचे दोषही झाकले जातात, म्हणून ही चाचणी फ्रेमिंग त्रुटी शून्य असतानाच ग्राह्य धरावी.

दुरुस्ती आणि स्वीकृती

कार्डाची मागणी रद्द केली. पोर्ट ६ ची जीडी७५२३२ बदलली. पाठवण्याची ओळ उणे १०.८ व्होल्टवर आली, पॅनेलवरचा लूपबॅक उत्तीर्ण झाला. उपकरण आयसोलेटरसकट पोर्ट ६ वर परत आणले आणि केबलच्या शील्डचे मोकळे टोक मोकळेच ठेवले, कारण ते जोडले तर ६.२ व्होल्टच्या फरकामुळे शील्डमधून प्रवाह वाहू लागेल.

मायक्रोकोडसाठी ३.१ वर परत जाण्याऐवजी ३.२ च ठेवला, कारण त्यातल्या दुसऱ्या एका दुरुस्तीची गरज होती. कॉन्फिगरेशन फाईलमध्ये ट्रिगर पातळी ८ केली, आकडेवारीचा काळ एक सेकंदावरून साठ सेकंदांवर नेला आणि या वेळी कार्ड खरोखर रीसेट केले. नंतर कार्डाकडून आवृत्ती आणि ट्रिगर दोन्ही वाचून घेतले. निर्मात्याला ऑसिलोस्कोपची चित्रे आणि वरचा हिशेब पाठवला, विनंती अशी की तक्त्यांची नक्कल एकेका पोर्टाची करावी आणि मध्ये इंटरप्ट उघडावेत.

स्वीकृती चाचणी चारही वेगवान पोर्टांवर एकाच वेळी, ११५२०० बॉडला, २४ तास सलग प्रवाहाने घेतली. आकडेवारीचा काळ या चाचणीपुरता मुद्दाम एक सेकंद ठेवला होता, म्हणजे वाईटातली वाईट स्थिती मिळावी. इंटरप्ट पल्सची कमाल रुंदी ३२० मायक्रोसेकंदच राहिली, ७८१ च्या मर्यादेत. ओव्हररन चारही पोर्टांवर शून्य, फाईलमधले अनुक्रमांक पूर्ण.